दोन ओव्यांइतका वेळ

सुमती, तू गेल्याचं कार्ड डॉक्टरांच्या, म्हणजे ह्यांच्या नावानं आलं. कोपरा फाडलेला होता, मरणाची खूण, म्हणून पोस्टमननं ते दाराच्या फटीतून सरकवलं नाही, उभं राहून ह्यांच्या हातात दिलं. मी चुलीपाशी होते. हे बाजेवर बसले, चष्मा काढला आणि धोतराच्या टोकानं बराच वेळ पुसत राहिले. मग गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर आला, शेजारचे गुरुजी आले, मालेगावच्या बाजारातून ओळखीची माणसं आली. सगळ्यांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. फार मोठ्या बाई होत्या, म्हणाले. तुमच्यावर फार लोभ होता त्यांचा, म्हणाले. मी आत चहा उकळत होते. आत डोकावून ‘तुमालेही वाईट वाटलं असंन’ असं एकानंही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिरपूरहून अनुसयाबाई आली. तीच, जिच्या जर्शी गाईच्या मानेत तू सुई खुपसली होतीस. ती पुढच्या खोलीत ह्यांच्यासमोर पदर डोळ्यांना लावून बसली, आणि मग आत येऊन माझ्या कानाशी म्हणाली, “सुटली असशीन तू आता. लय जळे ना वं तू तिच्यावर.”

खोटं कशाला बोलू, जळत होतेच. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. बायका तुला माझी नागपूरची सवत म्हणायच्या आणि मी त्यांना म्हणू द्यायची. पण अनुसयाबाईला हे ठाऊक नाही की जळणं आत कधीच पलटी खाऊन बसलं होतं. आता मी तुझ्यावर नाही, ह्यांच्यावर जळते. तुझं सगळं दुःख ह्यांच्या वाट्याला गेलं. माझ्या वाट्याला उष्ट्या कपबश्या. तुझ्यावर माझाही काही हक्क आहे की नाही, हे विचारायला आता तूही राहिली नाहीस. म्हणून हे लिहिते आहे. मॅट्रिक झालेली बाई आहे, लिहिता येतं मला.

आपलं भांडण सुरू झालं तेव्हा मी तुला पाहिलंही नव्हतं. ह्यांच्या दवाखान्यात संकरित गाई यायला लागल्या त्या वर्षांतली गोष्ट. काळ्यापांढऱ्या असोत की तांबड्या, लोक सगळ्यांना जर्शीच म्हणत. मोठ्या कौतुकानं आणायचे, गळ्यात घुंगरू बांधायचे, आणि उन्हाळा सरताना नाहीतर पावसाळ्यात त्या गाईंना फणफणून ताप यायचा. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी व्हायची. मग खाणं बंद, रवंथ बंद, आणि एक दिवस गाय आडवी. त्याच गोठ्यातली गावरान गाय मात्र शेजारी मजेत कडबा चघळत उभी. कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे गोऱ्या बापाची अवलाद, तिले आपलं ऊन सोसत नाही. हे म्हणायचे, हे गोचिडांचं काम आहे. गोचीड चावून जाते आणि रक्तात काहीतरी सोडून जाते. लोक हसायचे. गोचिडा काय आम्ही जन्मापासून पाहतो. बोटांनी उपटायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या, त्यांनी कधी गाय मेली आहे का.

ते सिद्ध करायचं तर काचेच्या पट्टीवर गाईचं रक्त पसरून नागपूरला तुझ्या प्रयोगशाळेत पाठवायचं होतं. पहिल्या खेपेच्या पट्ट्या ह्यांनी वाळायला म्हणून खिडकीत ठेवल्या आणि जेवायला बसले. तेवढ्यात माश्यांनी त्या चाटून लख्ख केल्या. दुसऱ्या खेपेला मेलेल्या गाईच्या प्लीहेचे तुकडे कुजू नयेत म्हणून फॉर्मालिनच्या बाटलीत घातले, रक्ताच्या पट्ट्या कागदात गुंडाळल्या, आणि सगळं एकत्र माझ्या लाडवाच्या डब्यात बसवून, डबा फडक्यात शिवून रवाना केलं. चांगला पितळी डबा होता तो, माझ्या आईनं दिलेला.

तुझं उत्तर आलं तो दिवस मी विसरणार नाही. बाटलीचं बूच कितीही घट्ट असलं तरी फॉर्मालिनची वाफ बाहेर येते, ती रक्ताला लागते, मग रंग चढत नाही, सगळी पट्टी हिरवट निळी होऊन बसते आणि आत काहीच दिसत नाही. असं सगळं लिहून खाली तू लिहिलं होतंस की, डॉक्टर, आपण लोणचं आणि दूध एका भांड्यात ठेवता काय. हे वाक्य ह्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. मग कंपाउंडरला वाचून दाखवलं. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. मी तेच रोज म्हणत होते, की त्या बाटलीच्या वासानं डोळे चुरचुरतात, ती माझ्या डब्यांच्या फळीवर ठेवू नका. मी म्हटलं की ती कटकट, आणि तू म्हटलं की ते शास्त्र. त्या दिवसापासून मी तुझं नाव घेणं सोडलं. ‘ती लोणच्यावाली’ म्हणायची. डबा तर तू परत पाठवलाच नाहीस.

मग तू स्वतःच येणार असं कळलं. मी घर सारवून घेतलं, ह्यांना वाटलं तुझ्या स्वागतासाठी. मी ते माझ्यासाठी सारवलं होतं, तू नाक मुरडशील त्याची तयारी म्हणून. एसटीतून उतरलीस ती एका हातात लाकडी पेटी, दुसऱ्या हातात माझा पितळी डबा. चिंचेनं घासून चकचकीत केलेला. आत नागपूरची संत्री. मला इतका राग आला म्हणून सांगू. राग धरायला जी एक जागा होती तीही तू आल्या आल्या काढून घेतलीस.

दिसायला तू काही नव्हतीस, हे मी तेव्हाही मनात नोंदवलं आणि आताही लिहिते. लांब नाक, चपटे केस, बोटांच्या टोकांवर रंगाचे जांभळे डाग. पण ह्यांना काय झालं होतं देव जाणे. “मॅडम, आपण इथे बसावं. मॅडम, आपल्याला पाणी चालेल ना?” चालेल ना म्हणजे काय, ते मला कळलं होतं आणि तुलाही. समोरच्या घरातली खिडकी उघडी होती, नागपूरची ब्राह्मण बाई जयभीमवाल्यांकडं पाणी पिते का ते पाहायला. तू सरळ आत आलीस, माठावरचा गडू घेतलास आणि उभ्या उभ्या घटाघटा प्यायलीस. मग मला म्हणालीस, “भूक लागली आहे गं. ठेचा आहे का?” मला ते आवडलं. आवडलं म्हणून आणखी चीड आली.

शिरपूरला अनुसयाबाईच्या गोठ्यात ती सगळी मंडळी आठव. गाय तापानं थरथरत होती, कानात आणि सडांपाशी गोचिडा लोंबत होत्या. तुला मेलेल्या गाईचं रक्त नको होतं. जिवंत गाईच्या सुजलेल्या गाठीतलं पाणी हवं होतं, आणि ते गरम असतानाच काचेवर घेऊन तिथल्या तिथे मिथाईल अल्कोहोलमध्ये बुडवायचं होतं. अनुसयाबाई गाईच्या आडवी उभी राहिली.

“काहून टोचता मरत्या जीवाले? तुमच्या सुईनं वाचन का ते?”

ह्यांनी समजावलं, शासन सांगितलं, संशोधन सांगितलं. ती ढिम्म. मग तू माझ्याकडं वळलीस. माझ्याकडं, ह्यांच्याकडं नाही. म्हणालीस, “कौसल्या, मी खोटं बोलणार नाही. ही गाय वाचायची नाही. तिला सांग.”

मी अनुसयाबाईचा हात धरला. म्हटलं, “माय, हे नाही वाचत. पन इचं पाह्यलं तर मागची वाचन. तुही कालवड हाय ना दावणीले.” तिनं कालवडीकडं पाहिलं. मग बाजूला झाली आणि गाईचं तोंड स्वतःच्या छातीशी धरून उभी राहिली, सुई जाईपर्यंत.

माशा हाकायचं काम माझ्याकडं आलं. तू थेंब काचेवर ओढलास, मी पदरानं वारा घातला, वाळला. आता बुडवायचा. तुला दुसऱ्या पट्ट्या करायच्या होत्या, हे गाय धरून होते. तू बरणी माझ्याकडं सरकवलीस. किती वेळ ठेवायचं म्हटलं तर तू मनगटावरचं घड्याळ काढायला लागलीस, आणि मी म्हटलं की मला त्या काट्याकडं पाहत बसता येणार नाही, माशा कोण हाकेल. तेव्हा तू विचारलंस, “जात्यावर काय म्हणतेस?”

मी म्हटलं, ओव्या.

“मग दोन ओव्या म्हण. सावकाश, घोळवून. त्या संपल्या की काढ. जास्त झालं तरी चालेल, कमी होऊ देऊ नको.”

भर गोठ्यात, परक्या माणसांसमोर, मरत्या गाईजवळ बसून मी ओव्या म्हटल्या. पहिल्यांदा आवाज फुटेना. नंतर अनुसयाबाईनंच मागून सूर धरला. दर पट्टीला दोन ओव्या, एक माहेराची, एक बाबासाहेबांची. त्या कोणत्या, ते इथं लिहीत नाही. ह्यांना तेव्हा हसू येत होतं. तुझ्या तोंडावर हसू नव्हतं, तू कान देऊन ऐकत होतीस, दुसरी ओवी संपायच्या आत हात पुढे करायचीस आणि मी मान हलवायची की अजून नाही.

वाटेत बैलगाडीत तू मला सांगितलंस की हे औषध काय करतं. मी विचारलं होतं म्हणून नाही, तुला वाटलं की बुडवणारीला माहीत हवं. रक्ताचा कण काचेवर पडल्यापासून बिघडत जातो, फुगतो, फुटतो, वितळतो. ह्यात बुडवला की जसा होता तसा राहतो. मग त्याला रंग लावा, वर्षानं पाहा, तो त्या घडीलाच थांबलेला असतो. तू त्याला स्थिर करणं म्हणायचीस. मी म्हटलं, आमच्यात त्याला मारणं म्हणतात. तू खो खो हसलीस. हे पुढे बैलांशेजारी बसले होते, मागे वळून विचारत होते, काय झालं, काय झालं. आपण सांगितलं नाही. तेव्हापासून माझा मत्सर जरा डळमळायला लागला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या टेबलावर तू सूक्ष्मदर्शक मांडलास. रंग लावून, धुऊन, वाळवून तू एकेक पट्टी पाहत होतीस. आम्ही दोघं भिंतीशी. एकदम तुझे खांदे थांबले. हे लगेच पुढे सरसावले, खुर्ची ओढलीसुद्धा. तू हात आडवा घातलास.

“आधी जिनं बुडवलं ती पाहील.”

मी एक डोळा मिटून पाहिलं. पहिल्यांदा माझ्याच पापण्या दिसल्या. मग जांभळट गोल गोल पेशी, आणि एका पेशीच्या पोटात निळसर डाग, त्यात लाल कण, खसखस सांडल्यासारखे. हेच, तू म्हणालीस. हेच गोचीड सोडून जाते. हिरवट नव्हतं, धूसर नव्हतं, अगदी स्वच्छ. इतक्या गाई ज्यानं आडव्या पाडल्या तो वैरी मी, कौसल्यानं, ह्या तालुक्यात सगळ्यात आधी डोळ्यांनी पाहिला. तू आधी पाहिलास, पण तू नागपूरची. हे माझ्यामागं उभे राहून “दाखव ना वं, सरक ना” करत होते, आणि मी मुद्दाम सरकत नव्हते. लग्नानंतर पहिल्यांदा ते माझ्यावर जळाले, तो दिवस. मला अजून गोड वाटतं.

त्याच संध्याकाळी भाकरी थापताना तू मला म्हणालीस, “मला अहो-जाहो करणारे पुष्कळ आहेत. तू मले ‘काय वं सुमती’ म्हण.” मी म्हटलं, तुम्ही वयानं मोठ्या, शिकलेल्या. तू म्हणालीस, म्हणूनच. मला दोन दिवस लागले. पण एकदा तोंडातून निघालं ते निघालं. डॉक्टरांना ते अजून खटकतं. ते आयुष्यभर ‘मॅडम, आपण’ वर राहिले. आणि मी तू. ह्या एका अक्षरावर मी किती वर्षं माज केला, तुला कल्पना नाही.

नंतर तू येत राहिलीस, कधी धनजला, कधी शिरपूरला, उतरायची आमच्याकडंच. अनुसयाबाईची कालवड वाचली, गोचिडांवर फवारणी सुरू झाली, लोक ह्यांचं ऐकायला लागले. दर वेळी तू पेटी उघडायच्या आधी फॉर्मालिनची बाटली अंगणात नेऊन ठेवायचीस आणि मला डोळा घालायचीस. ह्यांना कळायचं नाही. असं किती काय आपल्या दोघींत होतं, आणि तरी शेजारणी विचारायच्या, नवऱ्याले सांभाळून हायेस ना. मी म्हणायची, हाव. त्यांना काय सांगणार की मी नवऱ्याला नाही, तुला सांभाळत होते. तू येणार म्हटलं की मीच ह्यांना बाहेरगावची कामं काढून द्यायची.

त्या तापावरचा तुझा लेख छापून आला तेव्हाचं मात्र मला विसरता येत नाही. तू विचारलं होतंस, कौसल्याचं नाव घालू का. आणि हे म्हणाले, “कायले? ओव्या म्हणून पट्ट्या केल्या म्हनलं तर लोक हसतीन.” तू ऐकलंस. तू, जी बाटलीवरून ह्यांना लोणच्यादुधाचं ऐकवायची, ती इथं गप्प बसलीस. शेवटी ह्यांचं नाव आभारात आलं आणि मी ‘स्थानिक सहकार्य’ झाले. मी तुला काही बोलले नाही. तू समजून घेतलंस की मला फरक पडत नाही. पडत होता गं.

त्यातूनच ते शेवटचं भांडण निघालं असावं, विषय दुसराच असला तरी. तू गव्हातले खडे निवडत होतीस, वाईट निवडायचीस, खडे ठेवून गहू फेकायचीस. मी म्हटलं, तुझं शास्त्र मेलेल्यांचं आहे. थांबवून, रंगवून पाहतेस आणि सांगतेस की जिवंतपणी असं होतं. तू म्हणालीस, जे हलतं ते नीट दिसत नाही कौसल्या, थांबवावं लागतं. मी म्हटलं, म्हणून स्वतःलाही बुडवून ठेवलंस का, ना लग्न, ना मूल, ना घर. तुझे हात ताटात थांबले. मग तूही काही कमी नव्हतीस. म्हणालीस, “आणि तू? गोचीड होऊन चिकटलीस ह्या घराला. तुझं डोकं पाहिलं मी, तू ह्या चुलीपुढं बसायची नव्हतीस.” दोघी रडलो नाही. तू पेटी बांधलीस. एसटीपर्यंत मी आले, संत्र्यांचा डबा तुला परत भरून दिला, ह्या वेळी तिळाचे लाडू. गाडी सुटताना तू खिडकीतून काहीतरी म्हणालीस, इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी मान हलवली. काय म्हणाली होतीस? पुढच्या खेपेला विचारीन म्हटलं होतं.

पुढची खेप झालीच नाही. ताप अंगावर काढलास म्हणे. लोकांच्या गाईंचा ताप पाहायला इतकी गावं पालथी घालणारी बाई, स्वतःचा ताप तुला दिसला नाही. कार्डावर एवढंच होतं. माझा डबा तिकडंच राहिला. राहू दे, तुझ्या कुणाला तो कुणाचा हे कळणार नाही, पण राहू दे.

तुझ्या प्रयोगशाळेत शोकसभा आहे. ह्यांना आठवणी लिहून पाठवायला सांगितलं आहे. काल दिवसभर हे टेबलाशी बसून होते. ‘आदरणीय मॅडम, आपण’ एवढ्यावर गाडी अडली. मग माझ्याकडं आले. डोळे लाल होते, खोटं नाही सांगत, त्यांनाही तुझं फार आहे. ते कळतं, आणि कळूनही मी जळते.

म्हणाले, “कौसल्या, त्या दिवशी शिरपूरले तू कोनत्या ओव्या म्हनल्या व्हत्या वं? ते लिवतो म्हनतो. लोकायले आवडन.”

आता आवडेल लोकांना.

मी परातीतलं पीठ मळत होते. म्हटलं, “आठवत नाही मले.”

“असं कसं? दर पट्टीले त्याच तर म्हने तू.”

“नाही आठवत. घड्याळ लावून पाह्यलं असं लिवा.”

ते मग परत टेबलाशी जाऊन बसले. नाव, गाव, सूक्ष्मदर्शक, अध्यक्षांचं भाषण, सगळं त्यांना घेऊ दे. ते लोकांत शोभतं. एवढं मी देणार नाही.

आज सकाळी हे आठवणींचा लेख टपालात टाकायला गेले आणि घरात कुणी नव्हतं. मी जात्याशी बसले, दळायला काही घेतलं नाही. पहिली ओवी म्हटली, माहेराची. तुझी जांभळी बोटं दिसली, लांब नाक दिसलं, माठापाशी उभी राहून पाणी पिणारी तू दिसलीस, अगदी स्वच्छ. दुसरी म्हटली, बाबासाहेबांची. ती संपत आली तसा सवयीनं माझा हात पुढे झाला, पट्टी काढायला.

जास्त झालं तरी चालेल, तूच म्हणाली होतीस. मी हात मागे घेतला आणि तिसरी सुरू केली.